सातवीला भूकंपांची खरी आकडेवारी द्यायची आहे. कशी, किती आणि कुठली?

खडूधूळ:
नमस्कार मंडळी. मी छात्राध्यापिका आहे. सातवीच्या वर्गावर सरावपाठ सुरू आहेत आणि भूकंप, ज्वालामुखी, भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे तुकडे) हा घटक माझ्या वाट्याला आलाय. पाठ टाचण दाखवलं तेव्हा मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच लिहिलं, "सगळं तूच सांगणार. मुलं काय करणार?" तेव्हापासून डोक्यात घोळतंय की भूपट्टांच्या सीमांचा नकाशा आधी फळ्यावर टांगायचाच नाही. भूकंपांच्या नोंदी मुलांच्या हातात द्यायच्या आणि सीमा त्यांनाच शोधू द्यायच्या.

यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरून नोंदी फुकट उतरवता येतात. तारखा निवडायच्या, किमान मॅग्निट्यूड (भूकंप किती मोठा ते सांगणारा आकडा) टाकायचं, नकाशावर चौकोन आखायचा की सीएसव्ही फाइल, म्हणजे साधा तक्ता हातात. उघडली आणि धडकीच भरली. बावीस रकाने, आणि ओळी संपता संपेनात. निम्म्या रकान्यांचा अर्थ मलाच लागेना.

तर जाणकारांनी सांगा: किती ओळी द्याव्यात? कागदावर की संगणकावर? आणि ज्यांना आलेखाचे अक्षच धड आखता येत नाहीत त्यांचं काय करायचं? जोडतास मिळणार आहे.

जुना फळा:
अगं, बावीसपैकी चार ठेव. अक्षांश, रेखांश, खोली (भूकंप जमिनीखाली किती किमीवर झाला), मॅग्निट्यूड. बाकीचे खुशाल उडव, पण मूळ फाइल जपून ठेव, नंतर लागते.

आणि पहिल्या खेपेला कागदच. संगणक क्षणात आलेख काढून मोकळा होतो आणि पोरगं "झालं" म्हणून हात झटकतं. स्वतः एकेक ठिपका टेकवताना मात्र एखादा ठिपका भलतीकडे गेला की ते थांबतं, पुन्हा आकडा बघतं, शेजाऱ्याच्या कागदात डोकावतं. ते थांबणं तुला हवंय.

शंकासुर:
विरोधी सूर लावतो, राग मानू नका. पुस्तकात नकाशा छापलेला आहे. 'भूपट्टांच्या सीमांवर भूकंप होतात' हे वाक्य पाच मिनिटांत सांगून होतं. त्यासाठी जोडतास घालवून मुलांकडून ठिपके काढून घ्यायचे, आणि शेवटी उत्तर तेच. हल्ली सगळीकडे 'डेटा, डेटा' चाललंय म्हणून हा खटाटोप, असं मला वाटतं. परीक्षेत ठिपके विचारत नाहीत.

अक्षांश रेखांश:
शंकासुर, ते वाक्य मुलांना पाठ असतंच. पुढचा प्रश्न विचारून बघा, "हे कुणाला कसं कळलं?" वर्ग चिडीचूप होतो. काहींना तर वाटतं की जमिनीवर भेगा दिसतात म्हणून कळलं.

खरं तर ते ठिपक्यांवरूनच कळलंय. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या भूवैज्ञानिक मारी थार्प समुद्राच्या खोलीच्या मोजण्या हाताने कागदावर उतरवत होत्या. जहाजावर बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांच्या वाट्याला टेबलावरचे आकडे आले. त्यातून अटलांटिकच्या मध्यावरच्या पर्वतरांगेच्या माथ्यावर एक दरी दिसू लागली. सहकारी ब्रूस हीझन यांनी आधी ते उडवून लावलं. मग शेजारच्याच टेबलावर त्याच प्रमाणात काढलेला भूकंपांचा नकाशा त्यावर ठेवला तर भूकंप बरोबर त्या दरीत! तुमचा वर्ग तेच करणार आहे, फक्त जोडतासात.

खडूधूळ, एक सुचवते. जगाच्या नकाशावर ठिपके सगळेच करून घेतात, ते करा, पण तिथे थांबू नका. खरी मजा खोलीत आहे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा एक पट्टा घ्या, दक्षिण अक्षांश २० ते २५, पश्चिम रेखांश ७२ ते ६२. आडव्या अक्षावर रेखांश, उभ्या अक्षावर खोली, शून्य वर आणि खोली खाली वाढत जाणारी. किनाऱ्यालगत उथळ ठिपके येतात, आणि पूर्वेकडे सरकलं की आणखी खोल नोंदी मिळायला लागतात. मधे थोडी रिकामी जागा आणि मग पार टोकाला पाचशे किलोमीटरच्याही खाली मोजके ठिपके. सगळं मिळून एक तिरका उतार तयार होतो. समुद्राखालचा भूपट्ट खंडाखाली घुसतोय हे मुलांना सांगावं लागत नाही, त्यांनी तो नुकताच काढलेला असतो.

प्रमाण असं ठेवा: १ सेंमी म्हणजे ५० किमी. त्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण १०३ किमी भरतो, म्हणजे कागदावर २ सेंमी. दहा अंशांना वीस सेंमी, सहाशे किमी खोलीला बारा सेंमी. नेहमीचा कागद आडवा धरला की मावतं, आणि दोन्ही अक्षांचं प्रमाण एकच असल्यामुळे उताराचा कोन खरा येतो. कोनमापक लावून मोजू देत.

खडूधूळ:
अक्षांश रेखांश ताई, हे फारच भारी आहे! कोनमापकाची कल्पना तर आजच टाचणात घालते. फक्त एक शंका: उभा अक्ष वरून खाली वाढणारा काढला तर मुलं गोंधळणार नाहीत का? गणिताच्या तासाला त्यांना उलटं शिकवलंय.

गणिती घारू:
गोंधळतील, आणि गोंधळू द्या. आलेख म्हणजे ठरावीक सांगाडा नसून आपण घेतलेला निर्णय असतो, हे कळायला यापेक्षा चांगली जागा नाही. आधी न सांगता विचारा, "खोली दाखवायचीय, शून्य कुठे ठेवाल?" कुणीतरी खाली ठेवणारच. त्याचा आलेख आकाशात चढलेला दिसेल, तो दोन मिनिटं फळ्यावर तसाच राहू द्या.

आता माझं दुखणं. मॅग्निट्यूडची सरासरी काढायला लावू नका, आणि त्याचे साधे स्तंभालेख तर नकोच. ५ आणि ७ यांचे स्तंभ शेजारी ठेवले की मुलाला वाटतं सात थोडासाच मोठा. प्रत्यक्षात एक पायरी चढली की कंपनाचा आयाम, म्हणजे हेलकाव्याची उंची, १० पट आणि बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते. दोन पायऱ्यांना ऊर्जेत हजारपट. सातवीला लॉगॅरिदम शिकवायची गरज नाही, ३२ गुणिले ३२ करायला लावा, स्वतःच ओरडतात. ती एक स्वतंत्र पंधरा मिनिटांची गंमत आहे. या तासात कोंबू नका.

भूकंपमापी:
काही वर्षं भूकंपाच्या नोंदींशी रोजचा संबंध होता, म्हणून तोंड घालतो. अक्षांश रेखांश यांचा पट्टा उत्तम निवड आहे. जपानमध्येही हे दिसतं, फक्त तिथे उतार पश्चिमेकडे जातो. जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियो वादाती यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथले खोल भूकंप दाखवून दिले, भूपट्टांचा सिद्धांत उभा राहायच्या कितीतरी आधी. प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांचा मोह मात्र आवरा. तिथे खोल भूकंप भरपूर आहेत, पण पट्टा १८० रेखांश ओलांडतो. फाइलमध्ये पश्चिम रेखांश उणे लिहितात, म्हणून काही ठिकाणांचं रेखांश उणे १७४, काहींचं अधिक १७९, आणि आलेखाची दोन टोकांना दोन शकलं होतात. उणे रेखांशांत ३६० मिळवले की जुळतं, पण सातवीच्या पहिल्या तासाला नको.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. खोलीच्या रकान्यात तुम्हाला '१०' हा आकडा वारंवार दिसेल. दहा म्हणजे अगदी दहाच. जुन्या नोंदींत तसाच '३३' दिसतो. तिथले भूकंप खरोखर मोजून दहा किमीवर झाले असा त्याचा अर्थ नाही. जवळपास पुरेशी भूकंपमापन केंद्रं नसली की खोली नीट ठरवता येत नाही. मग 'उथळ आहे' एवढं धरून एक ठरावीक आकडा घालून बाकीचं गणित सोडवतात. महासागराच्या मधल्या पर्वतरांगांवरच्या नोंदींत हे फार. आलेखावर त्याची पट्टीने आखल्यासारखी आडवी रेघ येते.

आणखी एक. फाइलच्या 'टाइप' रकान्यात सगळेच भूकंप नसतात. खाणीतले सुरुंगस्फोटही असतात, क्वचित अणुचाचणीही. चार रकाने ठेवायच्या आधी त्यावर एक नजर टाका. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तेही लक्षात असू द्या.

निळी शाई:
भूकंपमापी, हे दहाचं प्रकरण माहीतच नव्हतं! मग त्या ओळी मुलांना देण्याआधी काढून टाकाव्यात ना? नाहीतर चुकीचं चित्र जाईल.

भूकंपमापी:
काढू नका, हात जोडतो. तीच तर शिकवण्यासारखी गोष्ट आहे. खरी आकडेवारी म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी यंत्राने, काहीतरी गृहीत धरून केलेली नोंद. धुऊन-पुसून दिलेली आकडेवारी पुस्तकातल्या नकाशासारखीच. फरक इतकाच की ती तक्त्यात आहे.

जुना फळा:
भूकंपमापींना +१. पण मर्यादेत. एका तासाला एकच खाच ठेवावी, तीन ठेवल्या की वर्ग हातचा जातो. दहाची रेघ राहू दे. सुरुंगस्फोट आणि वेळेचं झेंगट तू घरीच निस्तर.

खडूधूळ:
सगळ्यांचे खूप आभार. आता ओळींच्या निवडीवर अडलेय. पाच ते सहा वर्षांच्या, ४.५ च्या वरच्या नोंदी घेतल्या तरी खूप होतात, आणि त्यात खोल भूकंप अगदी थोडे. गटाला साठ ओळी द्यायच्या म्हटलं आणि चिठ्ठ्या टाकून निवडल्या तर खोलातला एखादाच येईल, कदाचित एकही नाही. उतार दिसणारच नाही. मी मुद्दाम वेचून खोल नोंदी घातल्या तर ती लबाडी होईल का?

शंकासुर:
बघा, आलात ना मुद्द्यावर! उत्तर आधीच ठरलंय आणि त्याला साजेसे आकडे वेचायचे. याला शोध म्हणत नाहीत. मग सरळ नकाशाच दाखवा, तो तरी प्रामाणिक आहे.

गणिती घारू:
शंकासुरांचा हा आक्षेप वजनदार आहे, आधीचा नव्हता. :)

पण वेचणं आणि लपवणं यात फरक आहे. खोलीचे तीन गट करा: ७० किमीपर्यंत उथळ, ७० ते ३०० मध्यम, त्याखाली खोल. ही विभागणी भूकंपशास्त्रात वापरतातच. प्रत्येक गटातून वीस नोंदी चिठ्ठ्या टाकून घ्या. खोल गटात तेवढ्या भरत नसतील तर वर्षं वाढवा. आणि कागदाच्या डोक्यावर ठळक लिहा: 'या यादीत खोल भूकंप खऱ्या प्रमाणापेक्षा जास्त घेतले आहेत.' मग मुलांना विचारा, या यादीवरून कुठल्या प्रश्नाचं उत्तर देता येईल आणि कुठल्याचं नाही. 'भूकंप कुठे होतात' याचं देता येईल. 'खोल भूकंप किती वेळा होतात' याचं नाही.

अक्षांश रेखांश:
घारू, हे मीही उचलते. खडूधूळ, आणखी एक करून बघा. सगळ्या गटांना तोच पट्टा देऊ नका. दोन गटांना दक्षिण अमेरिका, दोघांना जपान, एकाला कॅलिफोर्निया, एकाला अटलांटिकची मधली रांग. कॅलिफोर्नियाच्या सॅन अँड्रियास भ्रंशावर, म्हणजे खडकातल्या लांबलचक भेगेवर, भूपट्ट एकमेकांना घासत बाजूने सरकतात, तिथे सगळं वरच्या पंधरा-वीस किमीत आटोपतं. सगळे आलेख भिंतीवर शेजारी शेजारी लावले की "यांच्याकडे खोल आहेत, आमच्याकडे का नाहीत?" हा प्रश्न मुलांकडूनच येतो.

पालक एक:
शिक्षक नाही, पण विचारते. माझी मुलगी आकडे दिसले की पाटी कोरी ठेवते. अशा मुलांना चार रकाने म्हणजे शिक्षाच वाटणार. त्यांच्यासाठी काही?

जुना फळा:
ताई, जोडी लावायची. एक आकडा वाचणार, दुसरी ठिपका देणार, दहा ओळींनी अदलाबदल. अक्ष आखलेला कागद तयार ठेवायचा, ज्याला हवा तो घेईल, मागून न मागून. आणि पहिले तीन ठिपके फळ्यावर सगळ्यांनी मिळून. बहुतेकदा भीती आकड्यांची नसते, रिकाम्या कागदाची असते.

आणि ठिपके सुरू करण्याआधी अंदाज बांधून घ्यायचा. "सगळे एका थरात असतील, की विखुरलेले, की आणखी कसे?" पेन्सिलीने फिकट काढून ठेवा म्हणायचं. अंदाज बांधला की आकड्यांत रस येतो. अंदाजाला गुण नाहीत हे मात्र आधीच जाहीर करायचं.

खडूधूळ:
मंडळी, पाठ झाला! थोडक्यात वृत्तांत देते.

ठिपके सुरू झाल्यावर वर्ग इतका शांत झाला की मलाच चुळबूळ व्हायला लागली, काहीतरी बोलावंसं वाटत होतं. जीभ आवरली. दक्षिण अमेरिकेच्या एका गटातला मुलगा मध्येच उठून कागद तिरका धरून बघायला लागला. म्हणाला, "बाई, घसरगुंडी झालीय." कोनमापक लावल्यावर त्यांचं उत्तर तिशीच्या आसपास आलं, दुसऱ्या गटाचं चाळिशीच्या जवळ. त्यावरून जुंपली, कारण एकाने रेघ वरच्या ठिपक्यांतून काढली होती आणि दुसऱ्याने सगळ्यांतून. मी निवाडा केला नाही. दोन्ही कागद तसेच लावले.

अटलांटिकच्या गटाने मात्र हात वर केला, "बाई, आमची फाइल बिघडलीय. सगळं दहाच आहे." अख्खा वर्ग हसला. मग मी विचारलं की खरंच सगळे भूकंप एकाच खोलीवर होत असतील का. एक मुलगी म्हणाली, "समुद्राच्या मधोमध यंत्र कोण ठेवणार? अंदाजे लिहिलं असेल." भूकंपमापी सर, तुम्ही परिच्छेद घालून जे सांगितलंत ते तिने दोन वाक्यांत सांगितलं!

कमी पडलं ते शेवटी. भिंतीवरचे आलेख बघायला जेमतेम दहा मिनिटं उरली. मार्गदर्शक बाईंचा शेरा: "मुलांनी केलं. आता बोलायलाही त्यांनाच वेळ दे."

भूकंपमापी:
त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. पुढच्या तासाला दक्षिण अमेरिकेच्या आलेखावर एकच भर घाला: चिलीतला लास्कार ज्वालामुखी, पश्चिम रेखांश साधारण ६७.७. पृष्ठभागावर त्रिकोण काढायला सांगा आणि त्याच्या बरोबर खाली घसरगुंडी किती खोलीवर आहे ते मोजू देत. शंभर किमीच्या थोडं पुढेमागे येईल. मग विचारा, ज्वालामुखी अगदी किनाऱ्यावर का नाहीत, एवढे आत का? घुसणारा भूपट्ट त्या खोलीला पोचला की त्यातलं पाणी बाहेर पडतं, त्याच्यावर असलेल्या प्रावरणाचा (कवचाखालच्या खडकाच्या थराचा) वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. मुलांना ते सगळं आलं नाही तरी चालेल, अंतर त्यांनी मोजलेलं असेल.

निळी शाई:
मीही या निमित्ताने फाइल उतरवून खेळत बसले. १९५० पासून दर वर्षी किती भूकंप झाले ते मोजलं, तर आकडा चढतच चाललाय! हे वर्गात द्यायला चांगलं आहे ना?

भूकंपमापी:
द्यायला चांगलं, पण निष्कर्ष सांभाळा. भूकंप वाढलेले नाहीत, यंत्रं वाढलीत. १९६० च्या दशकात जगभर एकसारख्या भूकंपमापकांचं जाळं उभं राहिलं, पुढे ते दाट होत गेलं, आणि पूर्वी निसटणारे लहान भूकंप पकडीत येऊ लागले. तीच मोजणी फक्त ७ च्या वरच्यांची करा. वर्षाला सरासरी पंधराच्या आसपास, कधी दहाच्या खाली, २०१० साली वीसच्या वर, पण सतत चढ नाही. दोन्ही आलेख शेजारी देऊन "कुठला खरा?" असं विचारा. दोन्ही खरे आहेत. आणि हो, जपानची वर्षवार मोजणी करत असाल तर २०११ ला मोठा सुळका दिसेल, ते ११ मार्चच्या भूकंपानंतरचे पश्चात धक्के.

शंकासुर:
वृत्तांत वाचला. 'अंदाजे लिहिलं असेल' हे आवडलं. जोडतासाबद्दलचं माझं मत कायम आहे, पण ती तीन गटांची यादी कुणी तयार केलीच असेल तर व्यनि करा.

खडूधूळ:
शंकासुर, पाठवते. :)

पुढचा घटक वातावरण आहे. हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीवरच्या वेधशाळेतली कार्बन डायऑक्साइडच्या मोजण्यांची मालिका घ्यायचा विचार आहे. पुन्हा तोच प्रश्न: किती द्यायचं?

अक्षांश रेखांश:
आधी एकच वर्ष द्या, बारा आकडे. मे महिन्यात शिखर, सप्टेंबर-ऑक्टोबरला तळ, मधे साधारण सहा पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत सहा) फरक. कारण विचारा. उत्तर गोलार्धात झाडापानांना बहर आला की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढला जातो, हे काही जणांच्या ध्यानात येतंच. मग दुसऱ्या वर्षाचा अंदाज बांधायला लावा. बहुतेक मुलं तीच लाट पुन्हा त्याच उंचीवर काढतात. त्यानंतर खरे आकडे द्या. संपूर्ण मालिका सगळ्यात शेवटी, मार्च १९५८ च्या ३१५ पासून. सोबत दक्षिण ध्रुवावरचं एक वर्ष दिलंत तर तिथली लाट फारच बुटकी दिसेल, त्यावर चर्चा रंगते.

गणिती घारू:
ही मोजणी करणाऱ्या अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेची फाइल घेणार असाल तर एक सांगून ठेवतो. नोंद नसलेल्या महिन्यात तिथे उणे ९९.९९ लिहिलेलं असतं. १९५८ मध्ये असे महिने आहेत, १९६४ च्या सुरुवातीला तर सलग तीन, कारण पैसे आटल्यामुळे मोजणी थांबली होती. सरासरीच्या सूत्रात ते तसंच गेलं की त्या वर्षाची हवा एकदम स्वच्छ होते. २०२२ च्या नोव्हेंबरात मौना लोआचा उद्रेक होऊन वेधशाळेचा रस्ता आणि वीज तुटली, तेव्हा मोजणी काही काळ शेजारच्या मौना केआवर हलवली होती. या वेळी कुठली खाच ठेवायची ते तुम्हीच ठरवा. मी १९६४ ठेवली असती.